बैठकीची वेळ

काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरला
की मला नंदुरबारच्या पथाऱ्या दिसतात.
माळावर वाळत घातलेली मिरची,
लाल, वाकडी, एकमेकीत अडकलेली.
एकोणीस वर्षं हेच बघतोय,
धडगावचं ग्रामीण रुग्णालय, खोली नंबर चार.
सिकलसेल म्हणजे विळा, असं मी पाड्यांवर सांगतो.
लोक ऐकून घेतात.
विळा त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

मशीन आहे. टेबलावर, चादर पांघरून.
त्यावर स्टिकर, कुठल्याशा परदेशी संस्थेची भेट.
संस्थेचा प्रकल्प एका पत्रात संपला,
रसायनं त्याच महिन्यात.
स्टिकर निघत नाही. नखानं खरवडून पाहिलंय.

मग डिसेंबरात झांबियाच्या डॉक्टर आल्या, मुतिन्ता हमूंगा.
साहेबांनी शाल, नारळ, आणि फ्लेक्स आणला :
दानशूर पाहुण्यांचे हार्दिक स्वागत.
भटू ड्रायव्हर माझ्या कानाशी,
"देवरेभाऊ, हाई बाई देवाले उनी का लेवाले?"

बाई फ्लेक्सखाली थांबल्या,
अर्थ विचारला, आणि मोठ्यानं हसल्या.
मी काहीच आणलेलं नाही, म्हणाल्या.
विचारायला आलेय.

साहेबांनी नारळ हातात तसाच धरून ठेवला.

दुपारी मक्याची भाकर, उडदाची डाळ, ठेचा.
हे माझ्या आईचं जेवण, त्या म्हणाल्या,
फक्त आम्ही थापत नाही, घोटतो.
मग बोटं चाटता चाटता सांगत गेल्या,
आमच्याकडेही पत्र आलं होतं,
मंगळवारी. बुधवारी फ्रीज रिकामे.
त्या वर्षी आम्ही पहिल्यांदा आमचेच पैसे मोजले.
कमी होते. त्यातलेही काही आमच्याच माणसांनी खाल्ले,
ते मी लपवणार नाही.
पण यादी आम्ही लिहिली.
आजाराला आमच्या भाषेतलं नाव दिलं,
आणि जिथं जगाचा पैसा वाटला जातो
त्या टेबलाशी खुर्ची मागितली नाही, ओढून घेतली.
तिथं पहिली भांडणं कशावरून झाली, सांगू?
वेळेवरून.
बैठक नेहमी त्यांच्या सकाळी,
म्हणजे आमच्यातल्या कुणाच्या तरी मध्यरात्री.
झोपेत माणूस फक्त हो म्हणतो.

झुनाबाई पावरा पोराला घेऊन व्हरांड्यात बसलेली.
बाई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या.
तुम्हाला काय हवं?
इंग्रजीतून मराठी, मराठीतून पावरी,
प्रश्न दोन घाट उतरून तिच्यापर्यंत पोचला.
ती बराच वेळ गप्प.
तिला कुणी हे विचारलंच नव्हतं.
मीही नाही. मी फक्त बोट मागायचो, टोचायला.

मग उत्तर घाट चढत आलं :
थंडीत याची हाडं फुटतात.
गोळ्या द्या, नाही कुठं म्हणते.
पण आधी गोधडी द्या.

आमच्या कुठल्याच नमुन्यात गोधडीचा रकाना नाही.
साहेब म्हणाले, ते समाजकल्याणकडे येतं.
बाईंनी वहीत लिहिलं,
आणि मला विचारून स्पेलिंग पक्कं केलं. गो-ध-डी.

त्या गेल्या. फ्लेक्स भटूनं जीपच्या टपावर बांधला,
पावसाळ्यात कामाला येईल.
मशीन अजून बंदच आहे, खोटं कशाला बोलू.
मी रजिस्टरला पट्टीनं एक रेघ मारली,
निळ्या पेनानं वर लिहिलं, काय हवं.
आतापर्यंत एकतीस नावं.
गोधडी. गोधडी. बूट. शहाद्याचं एसटी भाडं.
एकानं सांगितलंय, काही नको,
तुम्ही येतो म्हणता त्या दिवशी या.

परवा फोनवर त्यांचा निरोप आला :
विळ्याच्या आजारावर बैठक आहे,
सात देश, आणि तुम्ही. झुनाबाई आल्या तर बरं.
वेळ तुम्ही सांगा.

वेळ आम्ही सांगा.
मी तो निरोप भटूला दाखवला, साहेबांना दाखवला,
मग चार किलोमीटर चढून पाड्यावर गेलो.
झुनाबाई आमचूर उलटपालट करत होती.
हात न थांबवता म्हणाली,
कधीही ठेवा.
बाजाराच्या दिवशी नको.