न पचलेला रंग

एप्रिलात ग्वेर्नसीच्या गाई कुरणात सुटल्या
की पंधरवड्यात लोणी पिवळं होतं.
राशेल तोरोद ते बोटावर घेऊन खिडकीशी धरते.
रंग गवतातच असतो, म्हणते,
हिरव्याच्या आड दडलेला.
गाईला तो सगळा मोडता येत नाही.
मोडला तेवढा तिच्या डोळ्यांना लागतो,
बाकीचा चरबीच्या पाठुंगळी बसून
दुधात उतरतो.

ओजिएची शेळी त्याच बांधावर चरते.
दूध मात्र पांढरंफेक.
पै न पै आतच वटवते ती,
रंग म्हणून काही मागे ठेवत नाही.

डिसेंबरात वाळकं गवत, फिकं लोणी.
राशेलची आई तेव्हा घुसळणीत
गाजराचा रस पिळायची,
गिऱ्हाईक येण्याआधी, दार लोटून.

आणि या हिवाळ्यात नातवाचे तळवे पिवळे.
सून रडकुंडीला आली: कावीळच ही.
राशेलनं त्याची पापणी खाली ओढली,
बुबुळाभोवती नीट पाहिलं.
पांढरं. शेळीच्या दुधासारखं.
"किती गाजरं खातो हा?"
"दुसरं काही खातच नाही. लोण्यात परतून देते."
राशेल हसली.
"काही झालं नाही त्याला.
आपल्या गाईंवर गेलाय."