पोटखराबा

गट नंबर तीनशे अकरा, तालुका हवेली.
चैत्रातली दुपार. मोजणीचं मशीन तिपाईवर,
आणि फॉर्मवर एक रकाना अजून कोरा:
वापर.

माळावर दगड आहेत. काळे, कमरेइतके,
काही गुडघ्याइतके, एक आडवा,
जेवण झाल्यावर लवंडल्यासारखा.
गोल बसलेत.
पंगत असती तर समोर पानं असती,
पंचायत असती तर एव्हाना
कुणीतरी रागाने उठून गेलं असतं.

बावीस वर्षं मी दगड रोवतोय.
दगड म्हणजे हद्द, एवढंच मला शिकवलंय:
अलीकडे एक भाऊ, पलीकडे दुसरा,
मध्ये बांध, आणि बांधापायी कोर्ट.
पण ही हद्द कुणाची, कुणाशी?
आत जितकं कुसळ, बाहेरही तितकंच.
मुरूम दोन्हीकडे सारखाच कुरकुरतो.

डेक्कनवरून एक मॅडम येऊन गेल्या होत्या मागे.
हातभर खणलं, ब्रश फिरवला.
निघालं ते एक काळं-तांबडं खापर,
पेराएवढा गंजका लोखंडाचा तुकडा,
आणि एक मणी, आरपार भोक असलेला.
हाडं नाहीत.
थडगं म्हणावं तर मेलेला कुठाय, त्या म्हणाल्या,
आणि खड्डा बुजवून, तांब्याभर पाणी पिऊन गेल्या.
त्यांच्यासोबतचा पोरगा होकायंत्र घेऊन
अख्खा दिवस उन्हात उभा,
सूर्य नेमका कुठल्या दगडामागे बुडतो ते बघत.
त्याला हवा होता
त्याच्या शेजारच्या दगडामागे बुडाला.

ठकूबाई मदनेची मेंढरं आतच बसलेली.
"कुणाची तरी वाघूर हाय ही," ती म्हणाली,
"जाळं कुजलं, मेखा ऱ्हायल्या."
मी विचारलं, मेंढरं आत राखायला,
का लांडगा बाहेर ठेवायला?
ती पदराआड हसली.
"सायेब, वाघूर एकच असती.
तुमी कुठल्या अंगाला हाय, त्यावर."

मी मोजले: सव्वीस.
लिंबराजने मोजले उलट्या बाजूने: सत्तावीस.
पुन्हा मी: सव्वीस.
"बसून मोजताय म्हून," ठकूबाई म्हणाली,
"ज्याच्यावर मोजणारा बसतो, त्यो ऱ्हातोच."

माझ्या नकाशावरही एक गोल आहे.
पुण्याभोवतीचा, सहा पदरी,
पिवळ्या पेन्सिलीने ओढलेला,
विहिरी, आंब्याची चार झाडं आणि
एका म्हसोबाला घासून जाणारा.
तीन हजार वर्षांनी कुणी ब्रश घेऊन येईल,
तिला डांबराची खपली सापडेल,
मैलाच्या दगडाचा पिवळा कोपरा,
(टोलच्या पावत्या नाही सापडणार, त्या कुजतील)
आणि ती तांब्याभर पाणी पिता पिता विचारेल,
हे लोक मध्ये एवढं काय जपत होते?

उठलो, तर टिटवी अंगावर आली.
आडव्या दगडापासून चार पावलांवर
चार अंडी, मुरमाच्याच रंगाची,
आणि भोवती खडे, एकेक आणून मांडलेले.
गोल.
खड्यांना उंची अशी नव्हतीच,
पोराच्या चपलेखाली मावला असता सगळा घेर.
पण मी मागे सरलो.
लिंबराज फितीची गुंडाळी हातात धरून थांबला.
मेंढरंही, हाकलली तेव्हा,
तेवढी जागा सोडून वळली.
टिटवी ओरडतच राहिली,
गावात कुणी मेल्याची बातमी द्यावी तशी,
किंवा कुणी जन्मल्याची,
तिचा सूर दोन्हीला एकच.

रकान्यात लिहिलं: पोटखराबा.
पेरत नाही, पिकत नाही अशा जागेला
कायद्यात तेवढाच शब्द आहे,
आणि त्यात पोट आहे, हे मला आजच दिसलं.
खाली, शेऱ्यात, दगडांची संख्या.
बावीस वर्षांत कुठल्याच कागदावर
न लिहिलेला शब्द आधी लिहिला,
मग आकडा:
अंदाजे सत्तावीस.