शेऱ्याचा रकाना

मतदारयादी, दाजी पेठ. रुमाल क्रमांक एकोणीस.
हे कागद केव्हाच जाळायचे होते.
आदेश आला होता, टाचणीसकट जागेवर आहे,
पण त्या महिन्यात रेकॉर्ड कीपर टायफॉइडनं पडला
आणि पुढं कुणाला आठवलं नाही.
अशा विसरण्यावरच टिकलंय आमचं दप्तर.

बाई आल्या सोलापुरी उन्हाच्या ऐन बाराला.
रत्नम्मा येमूल. अर्जावर तिकीट तिरकं चिकटलेलं.
"आईचं नाव बघायचंय. पहिल्या निवडणुकीतलं.
ती म्हणायची, शिडीचं चित्र असलेल्या पेटीत टाकलं मत,
नखावरची शाई गड्डा उठेपर्यंत गेली नाही."

रुमाल सोडला. कसर पळाली पानापानातून.
घर नंबर दोनशे सहा.
नरसय्या, वय तीस, हातमाग.
त्याखाली: सदरची बायको.
त्यावर लाल रेघ.
शेरा: नाव सांगत नाही, वगळले.

नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत, हे ऐकून होतो.
दारात परका कारकून दिसला की
स्वतःचंही गिळून टाकायच्या.

मी चष्मा पुसला.
"नाही?"
"नाही."
"मग शाई कुठली?"

त्यांनी बोट ठेवलं यादीवर. नियमात बसत नाही,
ठेवू दिलं.
बोट सरकत तीन घरं खाली गेलं आणि अडलं.
"ही व्यंकटव्वा. आईबरोबर विड्या वळायची.
एकाच सुपात तंबाखू दोघींची."

दोनशे नऊ. व्यंकटव्वा, विधवा.
पेन्सिलीनं: मतदान केले.
आणि शेऱ्यात, दुसऱ्या हाताचं, मागाहून:
मयत. मागील श्रावणात, पटकीने.

पंख्याचा आवाज मोठा झाला होता, की आधीपासूनच होता?
बाई हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत.
पदरानं त्या ओळीवरची धूळ टिपली,
जशी कुणाच्या ओठावरची टिपावी.

"नक्कल देतो," म्हणालो. "कुणाच्या नावाची?"
"व्यंकटव्वाची."
अर्जात एक रकाना असतो, मतदाराशी नातं.
बराच वेळ पेन तिथंच राहिलं.
मग म्हणाल्या, "लिवा की. शेजार."

शिक्का मारला. पावती फाडली.
त्या गेल्यावर रुमाल बांधताना
जाळण्याचा आदेश टाचणीतून काढला,
शंभर पानं खाली सरकवला
आणि गाठ जरा जास्तच आवळली.