उचलू नकोस एकोणीस

सकाळी सात वाजता तो मला मॅडम म्हणतो.
दुपारी नुसतं अपोंडी.
दिवेलागणीला नावसुद्धा नसतं,
"चार हजार शिलिंग" एवढंच म्हणून थांबतो,
जणू माझं बारसं त्या आकड्यानंच झालं.

नंबर दरवेळी वेगळा.
मी ते सेव्ह करते: उचलू नकोस एक,
उचलू नकोस दोन,
असं करत एकोणिसावर आलेय.
माझ्या फोनमध्ये आता
सख्ख्या गोतावळ्यापेक्षा हे घराणं मोठं.

किसुमूत, बसस्टँडच्या मागं माझं सलून.
एक आरसा, दोन खुर्च्या आणि तो ड्रायर,
ज्याच्यासाठी पहिलं कर्ज काढलं.
दुसरं काढलं पहिल्याच्या तोंडावर मारायला.
तिसरं कशासाठी, ते मला विचारू नका,
तिसऱ्यालाही नीट सांगता येणार नाही.
सगळं दोन मिनिटांत, अंगठ्यानं.
वाचायचं ते खाली बारीक अक्षरात होतं
आणि मी 'मान्य' दाबलं,
आत कोण आहे न बघता दार ढकलावं तसं.

बारीक वेण्या घालायला सहा तास लागतात.
एप्रनच्या खिशात फोन थरथरतो,
मांडीला मुंग्या येतात,
गिऱ्हाईक आरशातून विचारतं, "घे ना, कुणाचा आहे?"
"कंपनीचा," मी म्हणते. खोटं नाही.
दहाही बोटं केसांत गुंतलेली असणं
हे केवढं सुख आहे,
ते डोक्यावर देणं असल्याशिवाय कळत नाही.

मग त्यांनी माझी यादी उघडली.
चर्चमध्ये गाणं बसवणाऱ्या बाईंना फोन गेला,
रविवारी त्यांनी मला मागच्या रांगेत उभं केलं,
काही न बोलता.
तिसरीच्या मास्तरांना गेला.
गादीवाल्याला गेला, ज्याचं मी केव्हाच फेडलंय,
तो येऊन पावती पुन्हा बघून गेला.
ओडेरोला गेला, ज्याच्याशी लग्न मोडलं.
तो हसला असेल.
किंवा नसेलही. ते जास्त झोंबतं.

गुरुवारी, अर्ध्या डोक्याच्या वेण्या झालेल्या,
फोन थरथरला
आणि मी सवयीनं वाकून पाहिलं.
स्क्रीनवर: बाबा.

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली.
ते फोनवर बोलायचे नाहीत, पैसे पडतात म्हणून.
रविवारी एक रिंग द्यायचे आणि कापायचे.
एक म्हणजे बरा आहे.
दोन म्हणजे तू लाव.
ही तिसरी होती.
चौथी.
मी हातातले केस सोडले.

"मी म्वांगोला, वोईहून," एक दमलेला आवाज.
"हा नंबर कंपनीनं मला दिला, गेल्या वर्षी.
एक बाई रोज फोन करते,
म्हणते, तुमच्या मुलीनं चार हजार बुडवले.
मला मुलगी नाही.
मी रेल्वेच्या फाटकावर असतो."
मग बराच वेळ मालगाडी.
डबे संपेपर्यंत आम्ही दोघं थांबलो,
त्याचे पैसे पडत होते.

"तर आज मी तिला म्हटलं," तो म्हणाला,
"फेडेल माझी मुलगी.
पण तिच्याशी नीट बोला."

मी काय बोलले, आठवत नाही.
बहुतेक ट्रेमधल्या क्लिपा मोजत होते.
गिऱ्हाईक अर्धं डोकं घेऊन
आरशात गप्प बसलं होतं.

नाव बदलायला हवं त्या नंबराचं.
दोनदा उघडलं, म्वांगोलामधला म लिहिला,
पुसला.

चार हजारांचे एव्हाना पाच हजार सहाशे झालेत.
शुक्रवारी उचलू नकोस वीस आला असता,
पण मी उचलला.
म्हटलं, उद्या आठशे देते, बाकीचं महिन्यानं,
आणि मॅडम म्हणायचं. संध्याकाळीसुद्धा.
तिकडून नुसतं टाइप केल्याचा आवाज.

काल रविवार होता.
चर्चमधून येताना एक रिंग वाजली आणि कापली गेली.
चुकून लागला असेल.
आमचं काय ठरलं होतं ते
मी त्याला सांगितलेलं नाही.