निम्मं निम्मं

गाडी पुण्याहून पहाटे तीनला सुटते.
शिशाच्या डब्यात बारकी बाटली,
बाटलीत पाण्यासारखं काहीतरी
जे निघाल्यापासून संपतच असतं.
इंदापूरला निम्मं.
मोहोळ मागे पडून सोलापूरची धुराडी दिसू लागतात
तेव्हा निम्म्याचं निम्मं.
टेंभुर्णीला ड्रायव्हर चहाला रेंगाळला
की मी इथे घड्याळ बघत
यादीतलं कुणाचं तरी नाव उद्यावर ढकलते.

आज ढकललं नाही.
राजेशम गुंडेटी, वय एकाहत्तर, साखर पेठ.
चाळीस वर्षं जकार्डची कार्डं ठोकली,
उजवा अंगठा अजून तिरकाच.

सुई टोचताना विचारलं त्यांनी,
"बाई, ह्ये आत जाऊन करतंय काय?"
म्हटलं, काका, याला एक हुक असतो.
तुमच्या दुखण्याच्या पेशींवर कड्या असतात,
बाकी अंगात फारशा नसतात.
हुक कडीत अडकतो,
आणि हुकाला बांधलेला दिवा
आम्हाला बाहेरून दिसतो.
"म्हंजे जकार्डच की," ते म्हणाले.
"भोक आसंल तिथलंच सूत उचलतंय.
बाकीचं गप पडून ऱ्हातंय."

मला हे शिकायला दोन सेमिस्टर लागल्या होत्या.

मग तासभर निजून राहिले, आमची चादर ओढून.
काठावरच्या मोराची मान चाचपली
आणि छताकडे बघत म्हणाले,
हितं एक कार्ड चुकलंय.

पडद्यावर माणूस उगवला, काळाकरडा.
लाळेच्या गाठी, मूत्रपिंडं, मूत्राशय,
ही नेहमीचीच उजेडाची घरं.
आणि मग नको तिथे:
दोन बरगड्या, उजवा खांदा,
कमरेच्या हाडात सुपारीएवढा एक.

डॉक्टरांनी दाखवलं तेव्हा रडले नाहीत.
खिशातून चौकटींचा कागद काढला,
लाल पेन्सिल थुंकीनं ओली केली
आणि स्वतःला उतरवून घेतलं,
एकेक चौकोन मोजून,
चादरीची नक्षी उतरवतात तसं.
घडी घालताना एवढंच,
"ही कुणी विणू नये."

पुढे दिवा सोडला आणि निखारा बांधला.
हुक तोच. कडी तीच.
लुटेशियम हे नाव त्यांना कधी उच्चारता आलं नाही,
ते म्हणायचे लुटारू.
"आलाय का लुटारू?" दर सहा आठवड्यांनी, चार वेळा.
प्रत्येक वेळी घरी वेगळी खोली, वेगळं ताट,
आणि उंबऱ्यापलीकडून नात लास्या,
"ताता, इंका एन्नि रोजुलु?"
अजून किती दिवस.
हा निम्मा व्हायला आठवडा घेतो,
हे त्या पोरीला कोण सांगणार.

काल परत आले. अंगानं उतरलेत.
तोच कागद, घड्यांवर विरलेला,
आणि लास्याच्या कंपासमधला खोडरबर.
"सांगा, कुठलं कुठलं खोडू."

हे मी सांगायचं नसतं.
पण डॉक्टरांनी आतून मान हलवली,
तेव्हा मी बोट ठेवलं बरगडीवर. खोडली.
दुसरी बरगडी. खोडली.
खांदा खोडताना कागद थोडा फाटला.

कमरेपाशी मी त्यांचा हात धरला.
हे राहू द्या, काका.

त्यांनी रबराचा चुरा फुंकरला,
चष्मा वर केला, उरलेले चौकोन मोजले.
"आधी बारा होते," म्हणाले. "आता पाच."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.
मी डबा घ्यायला धावले.