लिंबू जावं, संत्रं अडावं

ज्वारी आता विकत आणावी लागते.
शिवारभर सोयाबीन,
आणि सोयाबीनला चिमणी तोंड लावत नाही.
मूर्तिजापूरच्या बाजारातून किलोभर आणतो,
बारकी, थोडी किडकी, स्वस्तातली,
आणि कडुनिंबाला टांगतो
फुटक्या मडक्याच्या बुडात.

पहिल्या दिवशी मुनिया आल्या, नऊ.
दुसऱ्या दिवशी टाकीवरचे पारवे.
तिसऱ्या दिवशी सातभाई:
भांडत आले, भांडत जेवले, भांडतच गेले.
आणि सगळ्यांच्या मागून,
कसलीच घाई नसलेला कावळा.
मडकं उलटं झालं.
मुनिया तारेवर बसून बघत राहिल्या,
महिनाअखेरीस रेशनच्या रांगेत
मागच्या बाया बघायच्या तशा.
सव्वीस वर्षं मी त्या काट्यामागे उभा होतो.
ती नजर ओळखतो.

मग काय काय केलं.
जुन्या सीड्या दोरीला बांधल्या;
कावळ्यानं त्यात तोंड पाहिलं.
काळं फडकं टांगलं;
दोन दिवस वचक, तिसऱ्या दिवशी तो त्यावरच शिटला.
सुतळी बॉम्ब एकदाच लावला.
पारवे तासाभरात परतले.
चिमण्या आठ दिवस आल्या नाहीत.

शेवटी गंजका कूलर घेऊन
हारूनभाईच्या वेल्डिंगवर गेलो.
म्हटलं, चारी बाजूंनी गज मारा, पण फट अशी ठेवा
की लिंबू जावं, संत्रं अडावं.
चष्मा कपाळावर सारून तो म्हणाला,
"पिंजरा हाय का सोयरीक हाय, भाऊ?
कोनाले आत ठेवाचं हाय?"
"कोनालेच नाही. बाहेर ठेवाचं हाय."
त्यानं पैसे घेतले नाहीत,
लिंबू मात्र ठेवून घेतलं.

तेव्हापासून सकाळी
गजांमधून मुनिया पाण्यासारख्या आत जातात.
पारवा छातीपाशी अडतो, मान हलवतो,
जणू कागदात काही चूक आहे.
खाली सांडतं ते होले टिपतात.
ते चालतं.
सांडलेल्याचा हिशेब मी काट्यावरही धरला नव्हता.

माझा बाप थोराड अंगाचा होता.
तो आधी जेवायचा. एकटा.
आम्ही पाच जण उंबऱ्याशी
त्याच्या हाताकडे बघत बसायचो.
टोपल्यात उरलेल्या भाकरी
मी आवाजावरून मोजायला शिकलो.
वाईट नव्हता.
मागे वळून बघायचं
त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

पितरपाटात वच्छलानं वडे केले, कढी, खीर,
तांदळाची, वेलची घातलेली.
पत्रावळ कवेलूंवर ठेवली
आणि मी अंगणात उभा राहून
वर्षभर हाकललेल्याला
हात जोडून बोलावू लागलो.
का, का.
शेजारचा श्रावण कुंपणावरून हसला.
ऊन चढलं. खिरीवर साय धरली.
वच्छला म्हणाली, "तुमीच त बिचकावलं त्याले.
आता कोन्या तोंडानं येईन?"

बाराच्या सुमाराला आला.
वड्याकडे पाहिलंही नाही.
थेट पिंजऱ्यावर उतरला, गज पायात धरून वाकला
आणि फटीतून चोच आत घातली,
मुनियांच्या ज्वारीत.

माझा हात काठीकडे गेला.
सवयीनं गेला.
तेवढ्यात त्यानं मान तिरकी करून
एका डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं,
आणि काठी धरायची कुठून
हेच मला आठवेना.

आत मुनिया एका कोपऱ्याला सरकल्या होत्या,
पण खात होत्या.

"राहू द्या," वच्छला म्हणाली,
"चोचच त जाते."

कूलरच्या पत्र्यावर दाणे वाजत होते.
मी मोजत होतो.
सात. आठ.
नवव्याला तो उडाला.

संध्याकाळी पत्रावळ मांजरानं चाटली.
फट मी रुंद केलेली नाही.
पण लिंबू घेऊन एकदा
पुन्हा मोजून पाहिली.