ए बाजू

गुरुवारी पाचला पंच केलं.
हेल्मेट खुंटीला, बूट दाराबाहेर,
इस्त्रीचा काळा शर्ट घालून आलो तर
हुर्झुक म्हणाला, "मुलगी बघायला निघालास काय?"

जुबैलहून पुलापर्यंत दीड तास,
पुलावर दोन.
बावीस दिनार म्हणजे आपले किती
हा हिशेब मी केला नव्हता.
त्यानं केला. मोठ्यानं.
"आणि वर उभं राहायचं?"
उभं राहायचं, म्हटलं.
त्याला मनामात मेव्हण्याकडे बिर्याणी होती.
मला सोडणार, एक वाजता उचलणार.

ब्याण्णवच्या शटडाउनला
टेक्सासचा एक वेल्डिंग सुपरवायझर
पोर्टाकॅबिनच्या खणात विसरून गेला
एक मोजपट्टी, एक कॅसेट.
लेबलवरचं नाव घामानं अर्धं पुसलेलं.
मी तेवीस वर्षांचा, इंग्रजी एवढंच:
होल्ड, लोअर, ओके.
वॉकमन श्रीलंकेच्या इलेक्ट्रिशियनचा, उसना.
आठ जणांची खोली, वरचा बंक,
एसीच्या घरघरीखाली
कुणी माणूस गात होता की भांडत होता, कळेना.
शब्द तर नाहीच कळले.
वाटलं, ह्याचाही पगार थकलाय.

त्या ए बाजूच्या शेवटी
गिटार एकटीच चढत जाते,
दम लागल्यासारखी थांबते, परत चढते,
आणि वरच्या पायरीला पाय लावणार
तेवढ्यात
खट्ट.
टेप संपते.
बी बाजूला दुसरंच काहीतरी.

तीस वर्षं पुढचं मी वाजवतोय, मनात.
पाइपवर हातोडी मारून आवाज ऐकताना,
वडील गेल्याची तार दोन दिवस उशिरा आली तेव्हा,
लेकीच्या लग्नात, मांडवाबाहेर, जनरेटरपाशी.
दर वेळी शेवट निराळा.
लेक म्हणते, बाबा, मोबाइलवर मिळेल की.
मिळेल.
शोधलं नाही.

हिरवळीवर हजारभर माणसं. दमट हवा, शर्ट पाठीला चिकटलेला.
मी पार पुढे, कठड्याला लागून.
शेजारी फिलिपिनो नर्स, सँडल हातात,
मागे एक बहरीनी पोरगा, बापाचा विटका टी-शर्ट घातलेला.
म्हातारा आला. वाटला होता त्याहून बारका.
आल्या आल्या स्टूल मागितलं.
दमट हवेनं तारा उतरत होत्या,
तो चढवत होता, काहीतरी पुटपुटत.
करंगळीत स्टीलची नळी.
मी लगेच ओळखली: पाऊण इंची, शेड्यूल फॉर्टी,
एका टोकाला कानस नीट मारलेली नाही.
जिच्यातून आयुष्यभर वाफ धाडली, तेल धाडलं,
तिच्यातून हेही जातं तर.

आठ गाणी झाली. मग ते.
पहिल्या दोन सुरांतच माझे गुडघे गेले,
कठडा होता म्हणून.
चढला. थांबला. स्टुलावरून उठला.
परत चढला.
मी डोळे मिटले,
आणि माझा अंगठा आपोआप हलला,
कॅसेट उलटायला.

खट्ट झालं नाही.

चार सूर.
चारच उरले होते, आणि तेही
खाली उतरणारे, साधे,
रात्रपाळीहून परतलेला माणूस
झोपलेल्यांना जाग येऊ नये म्हणून
चपला हातात घेतो तसे.
मग त्यानं टॉवेलनं मान पुसली.

सगळे ओरडले. माझा आवाज फुटेना.
एवढंच?
माझे शेवट किती मोठे होते!
नर्सनं विचारलं, सर, ओके?
ओके, म्हटलं. होल्ड. ओके.
आणि हसू आलं, थांबेना,
नाक वाहायला लागलं तरी.

पुलावर परत रांग.
हुर्झुक जांभई देत म्हणाला, "कसं झालं?"
संपलं गाणं, म्हटलं.
"मग, संपणारच की."
मांडीवर डबा ठेवला त्यानं, अजून ऊन होता.
"मेव्हण्यानं दिलाय. बटाटा खाली आहे,
उकरून बघ."